एनएफएसचं लॉकिंग एकाच नेटवर्क कार्डावर बांधायचं म्हणजे नक्की काय करायचं

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मला समजलं ते असं, चुकत असेन तर सांगा: सर्व्हरला दोन नेटवर्क कार्डं आहेत, एक ऑफिसच्या लॅनवर (१९२.१६८.१० वालं) आणि दुसरं फक्त स्टोरेजसाठी (१०.१०.५ वालं). एनएफएस (नेटवर्कवरून फाइली शेअर करायची पद्धत) फक्त स्टोरेजच्या कार्डावरच दिसायला हवं. तुम्ही एनएफएस डॉट कॉन्फ मध्ये एनएफएसडी सेक्शनखाली होस्ट म्हणून १०.१०.५.२ टाकलंत, २०४९ पोर्ट बरोबर तिथे गेला, पण ऑडिटवाल्याने ऑफिस लॅनवरून स्कॅन मारला तर १११ आणि अजून दोन-तीन विचित्र आकड्यांचे पोर्ट उघडे सापडले. मग तुम्ही स्टॅटडीला (लॉकिंगचा मदतनीस प्रोग्राम, खाली सांगतो) नेम हा ऑप्शन दिलात, रीस्टार्ट केलं, काहीही फरक पडला नाही. आणि जाता जाता शेवटच्या ओळीत लिहिलंय की सर्व्हर रीबूट झाल्यापासून दोन क्लायंटवर फाइल लॉक (एका वेळी एकानेच फाइल बदलावी म्हणून लावलेली कुलपं) अडकल्यासारखे वागतात. ही शेवटची ओळ मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, तिच्याकडे नंतर येतो.

एक आधीच सांगतो, मी इथे कमांड आणि फाइलची नावं पण देवनागरीत लिहितोय, टर्मिनलवर अर्थात नेहमीच्या स्पेलिंगनेच टाका. उगाच कॉपी-पेस्ट करून "चालत नाही" म्हणू नका.

तुमच्या प्रश्नात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत मिसळलेत. पहिला, ह्या सर्व्हिस कुठल्या पत्त्यावर कान लावून बसतात. दुसरा, त्या स्वतःहून बाहेर बोलतात तेव्हा कुठल्या पत्त्यावरून आणि कुठल्या नावाने बोलतात. ऑडिटवाल्याला फक्त पहिल्याशी मतलब आहे, तुमच्या डेटाला दुसऱ्याशी. आणि लिनक्सवर पहिल्याचं उत्तर "बाइंड करून", म्हणजे सर्व्हिसला एकाच पत्त्याला बांधून, मिळत नाही, किमान लॉकिंगच्या बाबतीत तरी नाही.

का नाही, ते समजायला आधी कोण कोण आहे ते बघू. एनएफएस ३ मध्ये लॉकिंग हा मूळ प्रोटोकॉलचा भाग नाहीच, ते शेजारी उभं केलेलं वेगळं दुकान आहे. एनएफएसडी फाइली देतो, पोर्ट २०४९. माउंटडी माउंटची परवानगी देतो. आरपीसीबाइंड १११ वर बसून "कोण कुठल्या पोर्टवर आहे" हे सांगतो, सोसायटीच्या गेटवरच्या वॉचमनसारखा. लॉकडी प्रत्यक्ष लॉक देतो-घेतो, आरपीसीइन्फोच्या (वॉचमनची वही दाखवणारी कमांड) यादीत तो एनलॉकएमजीआर ह्या नावाने दिसतो, प्रोग्राम नंबर १०००२१. आणि स्टॅटडी, यादीत "स्टेटस" नावाने, १०००२४, हा लॉक देत नाही, हा फक्त लक्षात ठेवतो की कोणाकोणाशी आपलं लॉकचं देणंघेणं चालू आहे, म्हणजे आपण पडून परत उठलो की त्यांना कळवता येईल.

ह्यातला लॉकडी हा प्रोग्रामच नाही, तो कर्नलमधला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातला, थ्रेड आहे. एसएस (उघडे पोर्ट दाखवणारी) कमांड मायनस एल एन टी यू पी लावून बघा, स्टॅटडी आणि माउंटडीच्या पुढे प्रोसेसचं नाव दिसेल, पण लॉकडीच्या पोर्टपुढे काहीच नसेल. ऑडिटवाले हेच बघून घाबरतात, "अननोन लिसनर" म्हणून लाल रंगात रिपोर्ट करतात, माझ्याकडे एकदा एकाने तर रूटकिटचा संशय म्हणून लिहिलं होतं. त्या पोर्टचा आकडा आरपीसीइन्फो मायनस पी च्या यादीत एनलॉकएमजीआरसमोर सापडला की विषय संपला. ह्या थ्रेडला पोर्ट सांगता येतो, पत्ता सांगता येत नाही. तो त्याच्या नेटवर्क नेमस्पेसमधल्या (कर्नलने केलेला नेटवर्कचा वेगळा कप्पा, साध्या मशीनवर एकच असतो) सगळ्या पत्त्यांवर ऐकतो. आरपीसी डॉट एनएफएसडीच्या मॅन पेजमध्ये (कमांडसोबत येणारं माहितीपत्रक) होस्ट ऑप्शनखाली हे स्वच्छ लिहिलेलं आहे, की लॉकडी तरीही सगळ्या पत्त्यांवर रिक्वेस्ट घेऊ शकतो, पण ती ओळ कोणी वाचत नाही, मी पण पहिली काही वर्षं वाचली नव्हती. माउंटडीला पण पोर्टचा ऑप्शन आहे, पत्त्याचा नाही.

आता स्टॅटडीचं नेम. इथे चूक तुमची नाही. जुन्या मॅन पेजमध्ये असं लिहिलेलं होतं की हा पत्ता ऐकण्याच्या सॉकेटसाठी वापरला जातो, आणि इंटरनेटवर सापडणारे निम्मे लेख तिथूनच उचललेले आहेत. नव्या मॅन पेजमध्ये ते दुरुस्त केलंय: हे नाव फक्त एसएम-नोटिफायला दिलं जातं, म्हणजे रीबूटनंतर जी सूचना पाठवायची ती कुठल्या पत्त्यावरून पाठवायची एवढ्यासाठीच. ऐकणं सगळीकडेच चालू राहतं. तुमच्या मशीनवरचं मॅन पेज एकदा उघडून बघा आणि त्यापेक्षा पण एसएस चं आउटपुट बघा, ते खोटं बोलत नाही. एक गंमत मात्र लक्षात ठेवा, त्या आउटपुटमध्ये स्टॅटडीचा एक यूडीपी सॉकेट १२७.०.०.१ वर (लूपबॅक, म्हणजे मशीनचा स्वतःशीच बोलायचा पत्ता) लहान आकड्याच्या पोर्टवर दिसतो, तो बघून काहींना वाटतं की बाइंडिंग अर्धं तरी लागलं. तसं नाही, तो स्टॅटडीने कर्नलमधल्या लॉकडीशी बोलायला उघडलेला असतो, तो आधीपासून तिथेच होता.

आणि समजा स्टॅटडी खरंच फक्त १०.१०.५.२ वर बांधता आला असता, तर तुमचं लॉकिंगच बंद पडलं असतं. कारण कर्नलला जेव्हा स्टॅटडीला सांगायचं असतं की "अमुक क्लायंटवर नजर ठेव", तेव्हा तो १२७.०.०.१ वर फोन लावतो. आधी १२७.०.०.१ च्या १११ वर वॉचमनला विचारतो की स्टॅटडी कुठल्या पोर्टवर आहे, मग त्याच लूपबॅकवर त्या पोर्टला जातो. हे दोन्ही लूपबॅकवर हजर नसतील तर नजर ठेवता येत नाही, आणि नजर ठेवता येत नसेल तर लॉकडी लॉक देतच नाही.

हे मी पुस्तकातून सांगत नाहीये, स्वतः करून बसलोय. एका डिझाइन ऑफिसचा सर्व्हर होता, नाव घेत नाही, सीएडीची ड्रॉइंग्ज सगळी एनएफएस ३ वर. मी शनिवारी संध्याकाळी आरपीसीबाइंडला "फक्त स्टोरेजच्या आयपीवर" बसवलं, फार हुशारी केल्यासारखं वाटलं, माउंट करून बघितलं, फाइली उघडल्या, लिहिता आल्या, घरी गेलो. सोमवारी सकाळी फोन सुरू. काही लोकांचं व्यवस्थित चालू, काहींना सॉफ्टवेअर उघडताच "नो लॉक्स अव्हेलेबल". ज्यांचे लॉक शनिवारपासून धरलेलेच होते त्यांच्यावर नजर आधीच लागलेली होती म्हणून त्यांना काही कळलं नाही, आणि जे नव्याने आले ते सगळे अडकले, त्यामुळे मी दीड-दोन तास क्लायंटमध्येच चूक शोधत बसलो. सर्व्हरच्या कर्नल लॉगमध्ये मात्र शांतपणे "लॉकडी: कॅनॉट मॉनिटर" आणि पुढे क्लायंटचं नाव, अशा ओळींवर ओळी पडत होत्या. १२७.०.०.१ परत जोडलं, सगळं चालू. तेव्हापासून लॉकिंगची तक्रार आली की मी आधी सर्व्हरचं डीमेसेज (कर्नल लॉग दाखवणारी कमांड) बघतो आणि मग चहा घेतो, आधी उलटं करायचो.

बरं, मग करायचं काय. इथे सगळं एका गोष्टीवर अवलंबून आहे: तुम्हाला एनएफएस ३ खरंच लागतं का? प्रश्नात तुम्ही क्लायंट कुठले ते लिहिलेलं नाही. सगळे गेल्या दहा वर्षांतले लिनक्स असतील तर माझं उत्तर फार छोटं आहे, ३ बंद करा. एनएफएस ४ मध्ये लॉकिंग प्रोटोकॉलच्या आतच आहे, स्टॅटडी नाही, वेगळा लॉकडी नाही, वॉचमन नाही, सगळं २०४९ टीसीपीवर. आणि मग तुम्ही जे होस्ट टाकलंय ना, ते तुम्हाला हवं तेच पूर्णपणे करतं. एनएफएस डॉट कॉन्फ मध्ये एनएफएसडीखाली व्हर्स३ ला नो करा, आरपीसी-स्टॅटडी सर्व्हिस, आरपीसीबाइंड सर्व्हिस आणि आरपीसीबाइंड सॉकेट हे तिन्ही मास्क करा, नुसतं डिसेबल नाही, मास्क, म्हणजे कोणालाच सुरू करता येणार नाही असं, कारण सॉकेट जिवंत राहिला तर तो सर्व्हिसला परत उठवतो. माउंटडी चालू ठेवावा लागतो कारण एक्सपोर्टची माहिती कर्नल त्यालाच विचारतो, पण त्याला नेटवर्कवर ऐकायची गरज नसते, नो-टीसीपी आणि नो-यूडीपी देऊन त्याचे कान बंद करता येतात. क्लायंटवर व्हर्जन ४.१ किंवा ४.२ ने माउंट करा, ४.० नको, कारण ४.० मध्ये डेलिगेशनसाठी (फाइलचा ताबा तात्पुरता क्लायंटकडे देणं) सर्व्हर क्लायंटकडे उलटं कनेक्शन उघडतो आणि परत तुमची फायरवॉलची कटकट सुरू होते, ४.१ पासून ते त्याच कनेक्शनवरून जातं. एक खबरदारी, आधी सगळ्या क्लायंटच्या एफएसटॅबमध्ये (माउंटची यादी असलेली फाइल) कुठे व्हर्स=३ लिहून ठेवलंय का ते शोधा. कोणीतरी कधीतरी काहीतरी चालेना म्हणून लिहून ठेवलेलं असतंच, आणि तो माणूस नोकरी सोडून गेलेला असतो.

पण समजा एखादं जुनं मशीन आहे, सीएनसीचा कंट्रोलर किंवा जुनी युनिक्स पेटी, जी ३ शिवाय बोलतच नाही. मग सरळ मार्ग असा: पत्ता बांधायचा नाद सोडा, पोर्ट बांधा, आणि पत्त्याचं काम फायरवॉलकडे द्या.

पोर्ट बांधायचे कारण स्टॅटडी आणि लॉकडी हे दोघं मुळात दर वेळी कुठला तरी मोकळा पोर्ट उचलतात, आणि आज लिहिलेला फायरवॉलचा नियम उद्या रीबूटनंतर निरुपयोगी होतो. रेड हॅटच्या जुन्या सिस्कॉन्फिग फाइलमध्ये नमुना म्हणून लॉकडीला टीसीपी ३२८०३ आणि यूडीपी ३२७६९, स्टॅटडीला ६६२ असे आकडे कॉमेंटमध्ये दिलेले असायचे, लोक तेच अजून वापरतात. मला ते लॉकडीचे दोन आकडे आवडत नाहीत. लिनक्स बाहेर जाणाऱ्या कनेक्शनसाठी जे पोर्ट आपोआप वापरतो ते मुळात ३२७६८ ते ६०९९९ मधले असतात, आणि हे दोन्ही बरोब्बर त्यात पडतात, म्हणजे एखाद्या दिवशी लॉकडी उठायच्या आधीच दुसऱ्या कोणी तो पोर्ट घेतलेला असू शकतो. एकतर ते रिझर्व्ह्ड पोर्टच्या सिसकंट्रोलमध्ये (कर्नलच्या सेटिंग बदलायची सोय) टाका, किंवा मी करतो तसं लॉकडीला ४०४५ आणि स्टॅटडीला ४०४६ द्या, टीसीपी-यूडीपी दोन्ही. सोलारिसवर लॉकडी ४०४५ वरच असायचा आणि नेटअ‍ॅपवाले आजही हेच दोन आकडे वापरतात, त्यामुळे स्टोरेजची सवय असलेला माणूस आकडा बघूनच ओळखतो. (ब्राउझरमध्ये ४०४५ पोर्टची वेबसाइट उघडून बघा, क्रोम "अनसेफ पोर्ट" म्हणून नकार देतो, तो ह्या लॉकडीमुळेच.) माउंटडीला २००४८.

लिहायचं कुठे हे तुमच्या डिस्ट्रोवर आहे. हल्लीच्या रेड हॅट घराण्यात, आणि उबुंटूमध्ये २२.०४ पासून, एनएफएस डॉट कॉन्फ हीच मुख्य फाइल आहे. त्याआधीच्या उबुंटू-डेबियनमध्ये ईटीसी डिफॉल्टमधली एनएफएस-कॉमन फाइल असायची, आणि नव्या मशीनवर त्या जुन्या फाइलमध्ये लिहून "काही होत नाही" म्हणणारे मी बरेच बघितलेत. स्टॅटडी आणि माउंटडीचा पोर्ट एनएफएस डॉट कॉन्फ मध्ये आपापल्या सेक्शनखाली. लॉकडीचं सेक्शन पण तिथे आहे, पण तो आकडा कर्नलपर्यंत कसा आणि कधी पोचतो ते डिस्ट्रोगणिक बदलतं, म्हणून मी लॉकडीसाठी मॉडप्रोब डॉट डी मध्येच (कर्नल मॉड्यूलचे ऑप्शन ठेवायचं फोल्डर) एक फाइल करतो, ऑप्शन्स लॉकडी, पुढे एनएलएम अंडरस्कोर टीसीपीपोर्ट आणि एनएलएम अंडरस्कोर यूडीपीपोर्ट, दोन्हीला ४०४५. सिसकंट्रोलने पण होतं, पण बूटच्या वेळी लॉकडी मॉड्यूल लोड झालेलं नसेल तर ती नोंदच अस्तित्वात नसते आणि सिसकंट्रोल गुपचूप पुढे जातं. शिवाय चालू लॉकडीचा पोर्ट आकडा बदलून बदलत नाही, तो थ्रेड पूर्ण खाली जाऊन परत उठावा लागतो, म्हणजे एनएफएसडी बंद आणि त्या मशीनवरचे स्वतःचे ३ चे माउंट पण सुटलेले. मी सरळ एक रीबूट घेतो आणि मग आरपीसीइन्फो मायनस पी ने खात्री करतो.

आता फायरवॉल. स्टोरेजच्या इंटरफेसवर १११, २०४९, ४०४५, ४०४६, २००४८ ला परवानगी, टीसीपी आणि यूडीपी. ऑफिसच्या इंटरफेसवर हेच सगळे ड्रॉप. फायरवॉलडी असेल तर स्टोरेजचं कार्ड वेगळ्या झोनमध्ये टाकून तिथेच हे पोर्ट उघडा, ते सगळ्यात वाचायला सोपं. लो, म्हणजे लूपबॅकच्या, इंटरफेसला मात्र हात लावायचा नाही, तिथे सगळं मोकळं, वर सांगितलं तसं कर्नल आणि स्टॅटडी तिथेच एकमेकांशी बोलतात, आणि स्टॅटडी कर्नलला उलटा निरोप देतो तो यूडीपीवरून देतो, त्यामुळे "आपण यूडीपी वापरत नाही" म्हणून सरसकट बंद करणाऱ्यांनी लो वगळूनच करावं. आयपीव्ही६ विसरू नका, ऑडिटवाला आज व्ही४ ने स्कॅन करतोय, पुढच्या वेळी व्ही६ ने करेल, आणि हे सगळे लिसनर दोन्हीवर असतात.

जे बहुतेक जण चुकवतात ते म्हणजे क्लायंटची बाजू. एनएफएस ३ च्या लॉकिंगमध्ये सर्व्हर पण क्लायंटला फोन करतो. क्लायंटने लॉक मागितला, तो दुसऱ्याकडे होता, क्लायंट थांबला, आता लॉक सुटल्यावर "घे, मिळाला" हे सांगायला सर्व्हरचा लॉकडी क्लायंटच्या लॉकडीकडे जातो. म्हणजे क्लायंटवर पण लॉकडी आणि स्टॅटडीचे पोर्ट बांधायला हवेत आणि सर्व्हरकडून येणाऱ्याला १११ सकट वाट हवी. ही वाट बंद असेल तर गंमत अशी होते की लॉक मिळतो, पण उशिरा, कारण लिनक्सचा क्लायंट फोनची वाट बघत बसून साधारण ३० सेकंदांनी स्वतःच परत विचारतो. एखादं अ‍ॅप्लिकेशन अधूनमधून अर्धा मिनिट गोठतंय आणि मग काहीच न झाल्यासारखं चालू होतंय, अशी तक्रार आली की मी आधी क्लायंटची फायरवॉल बघतो. तुमच्या "अडकल्यासारखं वागतंय" मधला एक भाग हा असू शकतो, किती सेकंद अडकतं ते मोजून बघा.

इतकं केलं की ऑफिस लॅनवरून स्कॅन कोरा येईल. तरी ऑडिटवाला एसएस चं आउटपुट मागून शून्य-शून्य-शून्य-शून्यवर (म्हणजे "सगळ्या पत्त्यांवर ऐकतोय") बोट ठेवणारा असेल, तर आरपीसीबाइंडपुरतं तुम्ही खरंच बांधू शकता. त्याचा मायनस एच हा ऑप्शन मॅन पेजप्रमाणे यूडीपीपुरता आहे, आणि सिस्टमडी असताना मुळात सॉकेट सिस्टमडीच उघडून हातात देतो, त्यामुळे तिथे हा ऑप्शन देऊन फायदा नाही. आरपीसीबाइंड सॉकेट युनिटला ओव्हरराइड करा, आधी लिसनस्ट्रीम रिकामं ठेवून जुनी यादी पुसा, मग रन फोल्डरमधली आरपीसीबाइंड डॉट सॉक, १२७.०.०.१ चा १११ आणि १०.१०.५.२ चा १११ असं परत लिहा, टीसीपीसाठी लिसनस्ट्रीम आणि यूडीपीसाठी लिसनडेटाग्राम. ती डॉट सॉक फाइल आणि १२७.०.०.१ ह्या दोन ओळी लिहायच्या राहून गेल्या तर माझा तो सोमवार तुमच्या वाट्याला येईल. फ्रीबाइंड पण यस करा, नाहीतर बूटच्या वेळी स्टोरेजचं कार्ड वर यायच्या आधी सॉकेट उघडायला जाऊन युनिट फेल होतं, आणि हे दहा बूटपैकी दोनदाच होतं म्हणून सापडत नाही. लॉकडी, स्टॅटडी, माउंटडी तरी शून्यावरच दिसणार, ते खरंच वेगळे करायचे असतील तर सगळं वेगळ्या नेटवर्क नेमस्पेसमध्ये घाला, लॉकडी प्रत्येक नेमस्पेससाठी स्वतंत्र असतो त्यामुळे ते जमतं. मात्र ती डॉट सॉक फाइल फाइलसिस्टमवर असते, नेटवर्क नेमस्पेसने ती वेगळी होत नाही, माउंट नेमस्पेस पण वेगळा लागतो. मी हे एकदाच केलंय, देखभाल करणाऱ्या पुढच्या माणसाची दया येऊन परत फायरवॉलवर आलो. ऑडिटवाल्याची भीती अगदीच निराधार नाही म्हणा, २००१ च्या जानेवारीत रामेन नावाचा वर्म लिनक्सवर फिरला तो ज्या भोकांतून शिरायचा त्यातलं एक हाच आरपीसी डॉट स्टॅटडी होता. पण "बाहेरून पोचता येत नाही" हे फायरवॉलने सिद्ध होतं, ते त्याला लेखी दाखवा.

आता ती शेवटची ओळ, रीबूटनंतरचे लॉक.

सर्व्हर पडून उठला की त्याच्या मेमरीतले सगळे लॉक गेलेले असतात. उठल्यावर एसएम-नोटिफाय स्टॅटडीच्या एसएम फोल्डरमधली यादी बघतो, ज्यांच्यावर नजर होती त्या प्रत्येक क्लायंटला निरोप पाठवतो की "मी अमुक, मी रीबूट झालो". क्लायंट तो निरोप ओळखतो आणि सवलतीच्या काळात आपले जुने लॉक परत मागून घेतो. हा काळ लॉकडीचा मुळात ५० सेकंद, आणि एनएफएस ४ पण चालू असेल तर त्याचा ९० सेकंद, दोन्हीतला लांबचा संपेपर्यंत नवीन लॉक कोणालाच मिळत नाही. त्यामुळे रीबूटनंतरचा पहिला दीड मिनिट अडकणं हे बरोबरच आहे, त्याला बिघाड समजू नका.

खरी गोम "ओळखतो" ह्या शब्दात आहे. क्लायंटने सर्व्हर ज्या नावाने माउंट केला आणि निरोपात सर्व्हर स्वतःचं जे नाव सांगतो, ते जुळायला हवं. एकाच कार्डाच्या मशीनवर हे आपोआप जुळतं. तुमच्यासारख्या दोन कार्डांच्या मशीनवर क्लायंटने माउंट केलेलं असतं १०.१०.५.२ वरून, आणि सर्व्हरचं होस्टनेम असतं ऑफिसच्या १९२.१६८ वाल्या पत्त्याचं. निरोप त्या नावाने गेला की क्लायंट म्हणतो हा कोण, मी ह्याला ओळखत नाही, आणि गप्प बसतो. लॉक परत मागितले जात नाहीत. अ‍ॅप्लिकेशनला अजून वाटतंय की लॉक आपल्याकडे आहे, सर्व्हरच्या वहीत तो नाही, दुसऱ्या क्लायंटने मागितला तर त्याला सरळ मिळतो. दोघंही एकाच फाइलमध्ये लिहितात. एररही येत नाही, लॉगमध्येही काही नाही, आठवड्याने कोणीतरी म्हणतं फाइल करप्ट झाली.

म्हणून तुम्ही जे नेम टाकलंत ते काढू नका, त्याची जागा चुकली नव्हती, त्याच्याकडून अपेक्षा चुकली होती. फक्त बऱ्याच डिस्ट्रोंत रीबूटचा निरोप पाठवायचं काम स्टॅटडीकडून काढून वेगळ्या सर्व्हिसला दिलेलं असतं, ती स्टॅटडीचं सेक्शन बघेलच असं नाही, तेव्हा एनएफएस डॉट कॉन्फ मध्ये एसएम-नोटिफाय सेक्शनखाली आउटगोइंग-अ‍ॅडर मध्ये पण तोच पत्ता द्या. मी आयपी देण्याऐवजी नाव देतो, कारण आयपी दिला तर तो त्याचं उलटं नाव शोधतो आणि तेच निरोपात घालतो, म्हणजे रिव्हर्स डीएनएस चुकीचा असेल तर परत तिथेच. स्टोरेज नेटवर्कसाठी एक वेगळं पूर्ण नाव ठेवा, ते सर्व्हर आणि सगळ्या क्लायंटच्या होस्ट्स फाइलमध्ये १०.१०.५.२ ला लावा, आणि क्लायंटवर माउंट पण त्याच नावाने करा, आयपीने नाही. एकच अडचण: हे एकाच नेटवर्कवरून ३ देणाऱ्या सर्व्हरला लागू पडतं. दोन्ही नेटवर्कवर ३ चे क्लायंट असतील तर एक आउटगोइंग पत्ता सगळ्यांना समाधानी करू शकत नाही. तुमचे सगळे क्लायंट स्टोरेजच्याच नेटवर्कवर असायला हवेत, तेव्हा तो प्रश्न नाही.

आणि हे झाल्यावर नुसतं माउंट होतंय म्हणून घरी जाऊ नका. क्लायंट एकवर एफलॉक कमांडने शेअरवरच्या एखाद्या फालतू फाइलवर लॉक धरून ठेवा, मागे मोठा स्लीप लावा. (कर्नल २.६.१२ पासून एफलॉक पण एनएफएसवर सर्व्हरपर्यंत जातो, त्यामुळे ही टेस्ट चालते.) सर्व्हर रीबूट करा. तो वर आल्यावर पूर्ण दोन-तीन मिनिटं थांबा, मग क्लायंट दोनवरून तीच फाइल मायनस एन लावून एफलॉकने मागा. नकार आला तर निरोप पोचला, ओळखला गेला, लॉक परत घेतला गेला. लॉक मिळाला तर वरचं नाव-पत्त्याचं कुठेतरी जुळलेलं नाही, आणि तेवढ्यात कोणाला प्रॉडक्शनचं काम त्या शेअरवर करू देऊ नका.

कोणीतरी खाली लिहिलंच असेल किंवा लिहील, की सरळ नोलॉक टाकून माउंट करा, सगळी कटकट मिटते. मिटते, कारण मग लॉक त्या क्लायंटच्या बाहेर जातच नाही, शेजारच्या मशीनला त्याचा पत्ताच नसतो. एकच क्लायंट असेल किंवा शेअर फक्त वाचायचा असेल तर मी पण टाकतो. तुमच्याकडे दोन क्लायंट एकाच फाइलींवर आहेत, तिथे नको.

आधी क्लायंट कुठले कुठले आहेत आणि त्यातला एक तरी ४.१ ला नाही म्हणतो का ते बघून इथेच लिहा. आरपीसीइन्फो मायनस पी चं आउटपुट आणि सर्व्हरच्या डीमेसेजमधल्या लॉकडीच्या ओळी पण टाका, आयपीचे शेवटचे आकडे खोडून.